घोट्याजवळची नाडी

डॉक्टर खोडके ऑपरेशनला उभे राहिले की आधी डाव्या पायातली चप्पल काढून बाजूला सारत. मग तो उघडा पाय टेबलाखाली जरा पुढे सरकवत आणि म्हणत, "बाई, बस." मी टेबलाखाली बसायची. एका हातात त्यांचं मनगटी घड्याळ, दुसऱ्या हाताची बोटं त्यांच्या घोट्याच्या आतल्या बाजूला. वर ते माणसाचं पोट उघडत आणि खाली मी त्यांची नाडी मोजत असे. हाताची नाडी धरायची सोय नव्हती, कारण हात साबणाने घासून, रबरी मोजे चढवून ते उभे असत. त्या हातांना कोणी शिवायचं नाही. उरला पाय.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना खोटं वाटेल. पहिल्या दिवशी मलाही ते खूळ वाटलं होतं.

आमचं गाव तालुक्याचं. मेहकरकडे जाणारी आणि देऊळगाव राजाकडे जाणारी, दोन्ही बस एकाच लिंबाखाली उभ्या राहत. जवळच सरकारी दवाखाना. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि दवाखान्याची पाटी पुन्हा रंगवली होती. त्याआधी तिच्यावर मुंबई होतं, त्याही आधी मध्य प्रदेश. ऊन तिरपं पडलं की जुनी अक्षरं नव्या रंगाखालून वर येत. डॉक्टर त्या पाटीकडे बघून म्हणत, "सरकारं तीन झाले, डॉक्टर मात्र एकच राह्यला."

ते शेगावकडच्या एका शेतकऱ्याचे. नागपूरला डॉक्टरकी शिकले, पण बोलणं गावचंच ठेवलं होतं. आमच्या सुशीला सिस्टर पुण्याकडच्या. त्यांना डॉक्टरांचं 'मले, तुले' ऐकून हसू यायचं. डॉक्टर रागवत नसत. म्हणत, "हसा सिस्टर. पोटात कळ आली की पुन्याचा मानूसही 'माय वो'च म्हनते."

मी तिथे आया होते. नवरा गेल्यावर लागले. जमीन पुसायची, हत्यारं उकळायची, रक्ताचे कपडे धुवायचे. बोलायची मला सवय नव्हती. कोणी काही विचारलं तर मान हलवायची, तेवढंच.

त्या दवाखान्यात ऑपरेशन म्हणजे चार माणसं. डॉक्टर कापणार, सिस्टर हत्यारं देणार, गफूरभाई कंपाउंडर पेशंटच्या उशाशी बसून नाकावरच्या जाळीवर भुलीच्या इथरचे थेंब सोडणार, आणि मी लागेल ते करणार. इथर कमी पडलं तर पेशंट हलतो, जास्त झालं तर श्वास अडकतो. गफूरभाईंचा हात चांगला होता, पण ते कंपाउंडर होते. म्हणून डॉक्टरांना हातातलं काम बघत बघत पेशंटच्या छातीकडेही बघावं लागे. दर थोड्या वेळाने ते विचारत, "गफूरभाई, श्वास?" आणि गफूरभाई म्हणत, "चल रहा है साब." हे उत्तर यायला जरा उशीर झाला की सगळ्यांचेच हात थांबत.

एकदा अंतर्गळाचं, म्हणजे हर्नियाचं, ऑपरेशन आटोपून डॉक्टर बाहेर बाकावर बसले. मी चहा दिला. कप बशीवर वाजायला लागला. त्यांनी कप खाली ठेवला, आपले हात पुढे धरले आणि कुणा दुसऱ्याचे असावेत तसे बघत बसले. मग चहा बशीत ओतून दोन्ही हातांनी बशी धरून प्यायले.

"गफूरभाई," ते म्हणाले, "मोटेच्या बैलाच्या तोंडाले फेस आला की आपन त्याले सोडतो. बराबर?"

"बराबर साब."

"डॉक्टरच्या तोंडावर पट्टी असते. त्याचा फेस कोनाले दिसन?"

त्यांनी दुसऱ्या डॉक्टरसाठी अर्ज बरेच केले होते. इथर बघायला एक जाणता माणूस द्या, एवढंच मागणं. उत्तर ठरलेलं होतं: आपल्याकडे ऑपरेशनं कमी होतात, एक डॉक्टर पुरेसा आहे. डॉक्टर म्हणत, "ते गाड्या मोजून राह्यले. गाडीत भरलं काय, ते कोनी पाह्यत नाही." म्हणून त्यांनी ठरवलं की ओझंच मोजून दाखवायचं. ऑपरेशन चालू असताना डॉक्टरची नाडी कुठे किती धावते ते टिपायचं आणि तो कागद वर पाठवायचा.

पण मोजणार कोण? सिस्टर आणि गफूरभाई अडकलेले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, शिकली किती?"

"चौथी."

"घड्याळ समजते?"

मी मान हलवली.

"मंग झालं. तूच आमची मोठी डॉक्टर."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. परक्या पुरुषाचा पाय धरून बसायचं, तेही चार माणसांत. मी नाही म्हणाले नाही, कारण नाही म्हणायलाही बोलावं लागतं. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, "लाजू नको. माहा पाय नाही, बैलाचा खूर हाये असं समज."

गफूरभाई म्हणाले, "साब, बैल बुरा मान जाएगा."

सिस्टर हसल्या, मीही पदराआड हसले, आणि ते काम माझ्याकडे आलं. नाडीचा आकडा मी खडूने पाटीवर मांडायची, शाळेत मांडत होते तशी. वर काय चाललंय ते सिस्टर मोठ्याने सांगत. "चीर दिली." "रक्त आलं." "टाके." त्या शब्दापुढे मी आकडा लिहायची. डॉक्टर नंतर ते उतरवून घेत.

गाव ते गाव. नळावर एका बाईने माझं नाव घेऊन मला ऐकवलं, "शेवंता साहेबाचे पाय धरते वो. नोकरी पक्की झाली समज." मी घागर अर्धी भरूनच घरी आले. कोणाला बोलले नाही, पण गफूरभाईंच्या कानावर गेलं आणि त्यांच्याकडून डॉक्टरांच्या. काही दिवसांनी तीच बाई ताप घेऊन दवाखान्यात आली. ओळीत माणसं उभी होती. डॉक्टरांनी तिचं मनगट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काऊन वो, आता तुही नाडी मी धरली, त माही नोकरी पक्की होते काय?" त्यानंतर नळावर माझी घागर पहिली भरू देत.

टेबलाखाली मला वरचं काही दिसत नसे. तीन जोड पाय आणि रक्ताचं भांडं, बस. तरी बोटाखाली सगळं कळे. मला वाटलं होतं, माणसाचं पोट कापताना नाडी धावत असेल. तसं नव्हतं. चीर देताना ती संथ चाले, विहिरीवर सवयीचा बैल चालावा तशी. धावायची केव्हा, तर "गफूरभाई, श्वास?" हा प्रश्न आणि त्याचं उत्तर यांच्या मध्ये. रक्त येत असताना हा प्रश्न विचारावा लागला तर बोटाखाली नुसती थरथर उरे.

डॉक्टरांनी एकदा पाटी हातात घेऊन मला आणि गफूरभाईंना दाखवलं. "हे पाहा. कापताना मी भेत नाही. दोन ठिकानी पाहा लागते, तवा भेतो. एका बैलाले दोन औतं जुंपले हायेत." त्यांचा चेहरा त्या दिवशी खुलला होता. एवढं स्पष्ट दिसत असताना कोणी नाही कसं म्हणेल, असं त्यांना वाटत होतं. आम्हालाही वाटत होतं.

दादाराव पाटलांच्या बायकोला आणलं ते त्याच दिवसांत. पाटील पंचायत समितीचे मेंबर, मोठी जमीन, बोलणं तोऱ्याचं. बायको दोन दिवस अडलेली. बैलगाडीतून उतरवली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. तशातही पाटलांच्या आईने दारात विचारलं, "आत कोन कोन हात लावते?" आणि माझ्याकडे पाहिलं. आम्ही नुकताच धम्म घेतला होता, गावाला ते माहीत होतं.

डॉक्टर हात घासत होते. मान वर न करता म्हणाले, "आत एकच जात चालते, साबनाची. तुमाले चालत नसन त गाडी अजून जुंपलेलीच हाये."

पाटलांनी बैल सोडले.

पोर बाहेर काढायच्या आतच बाईचा श्वास थांबला. गफूरभाईंचा आवाज आला, "साब, नहीं चल रहा." डॉक्टर ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. हळूच म्हणाले, "जाळी काढा. जबडा वर उचला. सिस्टर, तुम्ही तिकडं व्हा, मी हत्यारं घेतो माह्या हातानं." माझ्या बोटाखालची नाडी मोजता येईना. मी मोजायचं सोडून तो पाय नुसता धरून ठेवला. भांड्यात रक्त पडत होतं. मग गफूरभाई म्हणाले, "चल रहा है, चल रहा है साब," आणि पाठोपाठ पोर रडलं.

डॉक्टर बाहेर येऊन पाटलांच्या शेजारी बाकावर बसले. तोंडावरची पट्टी काढली. एखादा दुसरा डॉक्टर अशा वेळी ताठ उभा राहिला असता. हे म्हणाले, "पाटील, लेकरू हाये, माय हाये. पन आज मी लय भेलो हो. तिचा श्वास थांबला होता. अजून एक डॉक्टर असता त एवढं भ्या लागलं नसतं. तुम्ही समितीत हाये, वर सांगा जरा. अन् एक ध्यानात ठेवा, हिचं पुढचं बाळंतपन घरी नाही करायचं. इथंच आना."

पाटलांनी त्यांचे पाय धरले. म्हणाले, "साहेब, सांगतो. तुमच्यासाठी मंत्र्यालेही सांगतो." दुसऱ्या दिवशी सगळ्या दवाखान्याला पेढे आले. मलाही दोन मिळाले, वरून टाकलेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आतड्याला पीळ पडलेला एक म्हातारा टेबलावरच गेला. फार उशिरा आणला होता. "गफूरभाई, श्वास?" याला उत्तर आलं नाही. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं, मग हात थांबवले. नाडी तोवर उधळलेली होती. ती माझ्या बोटाखाली हळूहळू उतरत गेली आणि अगदी निवांत झाली. त्यांची एवढी निवांत नाडी मी कधी पाहिली नव्हती. मी आकडा मांडला आणि मला भीतीच वाटली.

डॉक्टरांनी पाटी पाहिली. "बराबर हाये," ते म्हणाले. "मानूस मेला की डॉक्टरचं काळीज कसं गप्प बसते पाह्य. त्याले कळते, आता काम नाही."

सगळं उतरवून झाल्यावर त्यांनी कागद वर पाठवायला काढले. सुशीला सिस्टर म्हणाल्या, "साहेब, पाटलीणबाईंच्या वेळचं गाळा ना. 'मोजता आलं नाही' असं कोणी लिहितं का? निदान जरा कमी करून लिहा."

"थर्मामीटर फोडला म्हनून ताप उतरत नाही, सिस्टर."

गफूरभाई म्हणाले, "साब, अपना नाप दर्जी को देना, सरकार को नहीं. सरकार कफन सिलाएगी."

डॉक्टर हसले आणि कागद पाकिटात घातले.

वरचे साहेब जीपमधून आले. गोरे, शांत, पान खाणारे. ऑपरेशनची खोली त्यांनी दारातूनच पाहिली. मग माझी पाटी मागितली.

"तूच मोजतेस?"

मी मान हलवली.

"नीट मोजतेस ना?"

"हो," मी म्हणाले. एवढाच एक शब्द बोलले मी त्यांच्याशी.

गावातल्या चार प्रतिष्ठितांना बोलावलं होतं. त्यांत दादाराव पाटील. मी पाणी देत होते, म्हणून मला ऐकू आलं. साहेबांनी विचारलं, "डॉक्टरांबद्दल काय मत आहे?"

पाटील म्हणाले, "मानूस म्हंजे देव हाये साहेब. माहं घर त्यायनंच राखलं. पन खरं सांगतो, काळजाचा कच्चा. सोता मले म्हने, पाटील, मी लय भेलो."

"असं ते स्वतः म्हणाले?"

"हाव. ह्याच बाकावर."

साहेबांनी मान डोलावली आणि पानाची पिंक टाकायला उठले. दारात डॉक्टर उभे होते. पाटील जरा चपापले. डॉक्टर म्हणाले, "चालू द्या पाटील. तुम्ही खोटं नाही बोलले." दुसऱ्या डॉक्टरचं काय, हे पाटलांनी काढलंच नाही. विसरले असतील. त्यांचा पोरगा आता मजेत होता.

हुकूम आला तो असा: डॉक्टर खोडके यांना ऑपरेशनचा ताण सोसत नाही असं त्यांच्याच कागदांवरून दिसतं. तरी त्यांच्या प्रकृतीचा विचार करून त्यांना बुलढाण्याला बैठ्या कामावर घेण्यात येत आहे. जागी एक तरुण डॉक्टर आला, ज्याला ऑपरेशनचा हात नव्हता. पोरगा भला होता, आपल्याला ऑपरेशन जमत नाही हे तो स्वतःच सांगे. दुसरा डॉक्टर आला नाही तो नाहीच. ऑपरेशनच्या खोलीला कुलूप लागलं.

गावाला वाईट वाटेल असं मी समजत होते. ज्याचा अंतर्गळ डॉक्टरांनी शिवला होता तो माणूस लिंबाखाली बसून सांगे, "वाचलो बे मी. त्याचं काळीज ठिकान्यावर नव्हतं म्हने. कागदावरच हाये सरकारच्या." ऐकणारे त्याच्या पोटावरचा व्रण बघत आणि खरंच वाचलास म्हणत. व्रण सरळ होता, दोरी धरून ओढल्यासारखा. ते सरळपण कुणी पाहिलं नाही.

जाताना डॉक्टर आम्हा तिघांना भेटले. मला म्हणाले, "तू बराबर मोजलं, बाई. हे ध्यानात ठेव. बैलाले ओझं किती हाये ते सांगतलं, तर त्यायनं बैलच सोडला. अन् ओझं तसंच रस्त्यावर पडून हाये." मग बसमध्ये चढले. सोडायला आम्ही तिघंच होतो.

ते ओझं कुणावर पडायचं ते पुढे दिसलं. पाटलांच्या बायकोला पुन्हा दिवस गेले आणि पुन्हा ती अडली. आता पाटलांकडे जीप होती. डॉक्टरांचं सांगणं त्यांनी ध्यानात ठेवलं होतं, म्हणून थेट आमच्याच दवाखान्यात आणलं. येऊन बंद खोलीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "कुलूप उघडा."

किल्ली माझ्या कमरेला होती. नवे डॉक्टर म्हणाले, मला ऑपरेशन येत नाही. मी कुलूप काढलं. टेबल होतं, दिवा होता, उकळायचं भांडं घासून पालथं घातलेलं होतं. गफूरभाई इथरची बाटली घेऊन धावत आले आणि दारातच थांबले. पाटील खोलीभर बघत राहिले. त्यांची आई माझा हात धरून म्हणाली, "बाई, तू तं आत असायची. तुले काही येत असन." माझा हात तिला तेव्हा चालला.

जीप बुलढाण्याकडे निघाली. चिखली गाठायच्या आत बाई गेली. पोरही गेलं.

पुढच्या वर्षी माझी नोकरी कायम व्हायची होती. त्यासाठी तब्येतीचा दाखला लागतो, तो आणायला बुलढाण्याला जा म्हणाले. मोठी रांग होती. माझा नंबर आला आणि आत जाऊन पाहते तर टेबलामागे डॉक्टर खोडके. नोकरीला लागणाऱ्यांना तपासून, हा धडधाकट आहे असं लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. दिवसभर तेच. अंगाने सुटले होते, केस पांढरे झाले होते. शेजारी नवा पंखा फिरत होता.

"बाई," ते म्हणाले. मग गफूरभाईंची चौकशी केली, सिस्टरांची केली. खोलीचं कुलूप उघडलं का विचारलं.

एकदा उघडलं होतं, मी म्हणाले. आणि पाटलांच्या बायकोचं सगळं सांगितलं. माझ्या आयुष्यात एवढं सलग मी कोणाशी बोलले नव्हते. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. हात टेबलावर होते आणि जराही हलत नव्हते.

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं. टेबलाखाली डाव्या पायातली चप्पल काढली. म्हणाले, "बाई, बस."

रांगेतली माणसं दारातून बघत होती. मला लाज वाटली नाही. मी फरशीवर बसले, घोट्याच्या आतल्या बाजूला बोटं ठेवली. नाडी लगेच सापडली. हळू, एकसारखी, निवांत. अशी ती मी एकदाच पाहिली होती, म्हातारा टेबलावर गेला त्या दिवशी.

"किती?"

मी आकडा सांगितला.

"मंग सरकार बराबर होतं," ते म्हणाले. "तब्येत सुधारली माही."

त्यांनी चप्पल घातली, घड्याळ बांधलं, माझा कागद पुढे ओढला. छातीला नळी लावली नाही, काही तपासलं नाही. 'कामास योग्य' असं लिहून खाली सही केली, शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला आणि दाराकडे बघून म्हणाले, "पुढचा."